कुंपण मीच मागितलं होतं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून घोंगडीच्या ताण्याला खळ लावली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर टेसनावर गेलो, पण ते काम नव्हतं, ती धडपड होती.

खळ म्हणजे चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, फोडायचे, दळायचे आणि पाण्यात शिजवून त्याची कांजी करायची. लोकरीचा ताणा अंगणात दोन मेखांना ओढून बांधायचा आणि कुंच्यानं ती कांजी सुतावर चढवायची. एकट्याचं काम नाही ते. एकानं कुंचा फिरवायचा, दुसऱ्यानं मागून हातानं सूत सुटं करत यायचं. सूत एकमेकाला चिकटलं की घोंगडी वाया गेली. चाळीस वर्षं मी कुंचा फिरवला आणि ती मागून सूत सोडवत आली.

त्या दिवशी मी म्हटलं, "खळ पातळ झालीया."

ती म्हणाली, "तुमची नजर पातळ झालीया. खळ हाय तशीच हाय."

दोन पावलं चालायची आणि थांबायची. तिला वर्षभर दम लागत होता. छातीत भाता चालल्यासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, बस, मी करतो. ती म्हणाली, "तुमी कराल आन मग वापरणारा शिव्या मला देईल." बसली नाही. शेवटच्या मेखेपर्यंत आली आणि मग मेखेला धरून उभी राहिली.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. जिवंतपणी कधी तोंडानं घेतलं नाही, आता कागदावर घेऊन काय करू. तिनंही माझं कधी घेतलं नाही. ती मला 'अवो' म्हणायची, मी तिला 'आगं' म्हणायचो. एवढ्यावर चाळीस वर्षं भागलं. फक्त एक दिवस भागलं नाही, तेच सांगायला बसलोय. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलोय. चुकलंमाकलं असेल तर वाचणाऱ्यानं नीट करून घ्यावं.

आमची वस्ती सोलापूर टेसनाच्या मागच्या अंगाला. आम्ही आलो तेव्हा तिथं वस्ती नव्हती, माळ होता. दुष्काळात मेंढरं घेऊन वर आलो, माळावर मेंढरं कोंडायला वाडगं घातलं आणि पाऊस झाल्यावर परत जायचं ते राहूनच गेलं. समोर रूळ, रुळापलीकडं टेसनाचा फलाट. मध्ये काही नव्हतं. घरातनं निघालं की चाळीस पावलांत फलाट. सिग्नलचा हात पडलेला दिसला की ती हातातली सूत कातायची चाती खाली ठेवायची, पदराला हात पुसायची, गाठोडं उचलायची आणि तरी तिला गाडी मिळायची. तिकीटवाला मास्तर ओळखीचा. तो म्हणायचा, "म्हातारे, ही गाडी हाय का तुझं घरचं जनावर हाय?" तेव्हा ती म्हातारी नव्हती. पण तिला ते आवडायचं.

मग मेंढरं कापली गेली. एका संध्याकाळी कळप रुळावर गेला आणि मालगाडी आली. अकरा मेंढरं. त्यात एक एडका असा होता, की त्याच्यासारखा पुन्हा पाळला नाही. मी आणि वस्तीतले चारजण तो एडका उचलून घेऊन गेलो आणि टेसनातल्या साहेबाच्या दारात टाकला. साहेब बाहेर आला. म्हणाला, "तुमचं जनावर आमच्या रुळावर कशाला आलं?"

मी म्हटलं, "जनावर न्हाय आलं. तुमचा रूळ आमच्या चराईत आला."

लोक हसले. मला त्या दिवशी मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं. मी तिथंच ओरडून सांगितलं, कुंपण घाला, पक्कं घाला, मेंढराचं पोर जाणार नाही असं घाला. एका कारकुनानं अर्ज लिहून दिला. सगळ्यांनी आंगठे लावले. सही येत असून पहिला आंगठा माझा.

सरकारी काम. कुंपण यायला कितीतरी वर्षं गेली. तोवर माळ संपला. मिलची चाळ उठली, तिच्यामागं दुसरी उठली. आंध्राकडचे साळी आले, त्यांचे माग घरोघरी बसले, गल्लीतनं रंगाचं पाणी वाहू लागलं. चरायला गवताची काडी राहिली नाही. आम्ही मेंढरं विकली आणि विकतची लोकर आणून नुसती घोंगडी करू लागलो. सगळी विकून झाल्यावर कुंपण आलं. रुळाचे जुने तुकडे उभे रोवले, त्यात जाड तारा ओढल्या. आमच्या घरासमोरच एक फाटक ठेवलं, ते कापसाच्या गाठींच्या गाड्यांसाठी. माणसांसाठी जिना. आमच्या घरापासून कुंपणाकुंपणानं चाळींना वळसा घालून, तेलाच्या घाण्यावरून रस्त्याला लागायचं, मग तो लोखंडी जिना चढायचा, रुळांवरून जायचं आणि पलीकडं फलाटावर उतरायचं. चाळीस पावलांचा पाऊण तास झाला.

ती मला टोमणा मारायची. "मेंढरांसाठी कुंपण मागितलं. मेंढरं तर गेली बाजारात. आता कोंडून कोण ऱ्हायलं?"

मी म्हणायचो, "मला काय ठावं हुतं?"

"आंगठा लावताना इचारायचं असतं घरात."

हे ती चेष्टेनं म्हणायची. नंतर नंतर चेष्टेनं म्हणत नव्हती. दम लागायला लागल्यापासून तिचं टेसनावर जाणंच बंद झालं. वर्षभर ती वस्तीबाहेर पडली नाही. गाड्या दारासमोरून जायच्या आणि ती सूत कातत बघायची.

तर त्या दिवशी खळ लावून झाली, हात धुतले, भाकरी खाल्ली, तेवढ्यात आमच्या पोरीचा चुलतसासरा आला. पोर दिली होती अक्कलकोटाच्या अंगाला, तिकडच्या टेसनापासून कोसभर आत. तो बाजाराला आला होता. दारातच उभं राहून म्हणाला, "दिवस भरल्यात. आजउद्या मोकळी हुईल. पोरीनं आईचा धोशा लावलाय. आई आल्याबिगर मी बाळंतपणाच्या खाटंवर चढत न्हाय म्हनती."

पोरीची आधीची दोन मुलं गेली होती. एक जन्मतानाच, एक पाचवीच्या आत. दोन्ही वेळा आई जवळ नव्हती. पहिल्या वेळी माहेरी येणार होती, पण वेळेआधीच अडली. दुसऱ्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बसलं होतं की आई असली तर मूल जगेल. तसं काही नसतं. पण तिच्या डोक्यात बसलं होतं आणि तिच्या आईच्याही.

हे तिसरं मूल जगलं. आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगाच त्याची काळजी करत बसेल. गोष्ट त्याची नाही.

चुलतसासऱ्याला तिनं सांगितलं, "दुपारच्या गाडीनं येते म्हणून सांगा तिला. आजच येते."

तो बाजार करून त्याच गाडीनं जाणार होता. "टेसनावर गाठ पडंल," म्हणाला आणि गेला.

मी म्हटलं, "कुटं निघालीस? जिना कसा चढशील?"

ती गाठोडं बांधायला लागली होती. म्हणाली, "आगीनगाडी काय माझ्या दारात येणार हाय? पयली येत हुती. तुमच्यामुळं बंद झाली."

मी पटका बांधला.

आम्ही आधी फाटकावर गेलो. म्हटलं, एक दिवस विनंती करून बघू. फाटकावर एक मुसलमान फाटकवाला होता, बरा माणूस. माझ्याकडनं एक घोंगडीही नेली होती त्यानं. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती गजाला धरून उभी होती.

तो म्हणाला, "नक्को मामू. परसों एक आदमी रूळ पर मरते मरते बचा. साब बोले, फाटक में कोई बी दिखा तो तेरी वर्दी उतारतुं. अम्मा को देख के मेरे को बुरा लगता, पन क्या करूं?"

ती म्हणाली, "बाबा, मी कापसाची गाठ असते तर घेतली असतीस का आत?"

त्याला मराठी चांगलं कळायचं. तो हसला आणि मग त्यानं मान खाली घातली. त्याच्यामागं गाठींनी भरलेली एक गाडी आत चालली होती. ती गाडीकडं बघत म्हणाली, "चला. आपुन गाठी न्हाय."

मी त्याला दोष देत नाही. तो नोकरीवाला माणूस. कुंपण त्यानं मागितलं नव्हतं.

कुंपणाकुंपणानं निघालो. तिनं वर्षभर हे काही बघितलं नव्हतं. दर वीस पावलांवर थांबायची, आणि थांबली की दम खाताखाता इकडंतिकडं बघायची.

"हितं आपलं वाडगं हुतं न्हवं?"

"व्हय."

"आन ते लिंबाचं झाड?"

"तोडलं. नळ आला तितं."

चाळीच्या नळावर एक तेलुगू बाई कळशी भरत होती. हिची अवस्था बघून तिनं कळशी तशीच सोडली आणि ओंजळीत पाणी घातलं. ती काहीतरी बोलली तेलुगूत, ही मराठीत बोलली. दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, तरी बराच वेळ बोलत होत्या. मी म्हटलं, चल, गाडी जाईल. मी सारखा तेच म्हणत होतो. चल, गाडी जाईल.

त्यात बाजारचा दिवस. मिलचा भोंगा झाला आणि पहिली पाळी सुटली. दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी, म्हणून खेड्यापाड्याचे गडी गावाला निघालेले. जिन्यावर माणूस मावत नव्हता. बाजाराची गाठोडी, कोंबड्या, तेलाचे डबे, एकाच्या डोक्यावर तर नांगराचा फाळ. टेसन तेवढंच होतं, जिना तेवढाच होता, आणि गाव चौपट झालं होतं.

आता इथं माझी चूक सांगतो.

मेंढक्या पुढं चालतो. कळप मागनं येतो. चालताना मागं बघायचं नसतं. मेंढक्या मागं बघायला लागला की पुढचं मेंढरू थांबतं आणि त्याच्यावर मागचं चढतं. मेंढक्या कानानं चालतो. घंटा, खोकला, खुरांचा आवाज, त्यावरनं त्याला कळतं मागं सगळी आहेत का. माझ्या बानं मला हे शिकवलं आणि माझ्या हाडात ते बसलं. लग्न झाल्यापासून मी पुढं, ती मागं. चाळीस वर्षांत मी कधी वळून बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही, कारण तिच्या जोडव्यांचा दगडावर आवाज यायचा. आणि आता वर्षभर दमाचा यायचा.

जिन्यावर मला तो आवाज येत होता, असं मला वाटलं. पण तिथं शंभर माणसांना दम लागला होता. मी वर चढलो, रुळांवरून गेलो, पलीकडं उतरलो, फलाटाला पाय लावला आणि मग मागं वळलो. ती नव्हती.

परत वर गेलो. माणसं उतरत होती आणि मी चढत होतो, त्यामुळं शिव्या खाल्ल्या. ती चढणीच्या मध्यात बसली होती. वीस आणि आठ पायऱ्या होत्या, ती चौदाव्या-पंधराव्या पायरीवर कठड्याला टेकून, गाठोडं मांडीवर. माणसं तिच्यावरून पाय टाकून जात होती. एक मिलवाला पोरगा म्हणाला, "म्हातारे, घरात बसायचं की!"

ती म्हणाली, "तुजी आई बसलीया का घरात? तिला बी धाड, दोगी बसू."

म्हणजे बरी होती. बोलत होती. मला धीर आला. मी म्हटलं, "तू हितंच बस. मी तिकिटं काढून येतो. मग धरून उतरवतो."

"लवकर या."

"आलोच."

तिकिटाची खिडकी जिन्याच्या पलीकडं, फलाटाच्या टोकाला. खिडकीला एवढंसं भोक, त्यात पंधरा हात घातलेले. रांग वगैरे काही नाही. ज्याचा हात आधी पोचला त्याचं तिकीट. मी म्हातारा असलो तरी मेंढक्याच्या खांद्याचा जोर अजून आहे. घुसलो. एकानं माझा पटका ओढला, मी त्याचं कोपर मोडायला निघालो होतो. दोन तिकिटं हातात आली तोवर गाडी फलाटाला लागलेली होती.

पळत जिन्याकडं आलो. आता सगळा लोंढा खाली येत होता, गाडी धरायला. मी परत उलटा चढलो. कठड्याच्या कडेनं, एकेक पायरी रेटून. मध्येच कधीतरी डाव्या अंगानं कुणीतरी बाई 'अवो' म्हणाली.

मी ऐकलं ते. नीट ऐकलं.

पण 'अवो' कोण म्हणत नाही? त्या जिन्यावर तेव्हा पन्नास नवरेबायका असतील. पन्नास बायका 'अवो'च म्हणणार. आणि मी वर चाललो होतो. ती वर बसली आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मी मागं बघितलं नाही.

वर पोचून पलीकडच्या चढणीत बघितलं तर तिची पायरी रिकामी.

झालं होतं असं, की मी गेल्यावर एक शिपाई आला आणि जिन्यात बसलेल्या सगळ्यांना उठवलं. गर्दीनं तिला वर नेलं, पलीकडं नेलं आणि खाली उतरवलं. ती नुसती उभी राहिली होती, बाकी सगळं गर्दीनं केलं. तिनं मला येताना बघितलं. हात लावता येईल एवढ्यावरनं मी गेलो. तिनं हाक मारली. नाव घेऊन मारली असती तर मी थांबलो असतो. पण नवऱ्याचं नाव भर जिन्यात कसं घ्यायचं? आमच्यात घेत नाहीत. मरताना घेत नाहीत, तिथं गाडीसाठी कोण घेणार?

मी वर शोधत राहिलो. जिन्याच्या या टोकाला, त्या टोकाला. मग शिट्टी झाली. वरनं मी गाडी सुटताना बघितली. डब्यांच्या दांड्यांना माणसं लोंबकळत होती. फलाट रिकामा झाला आणि मग ती दिसली. फलाटाच्या मधोमध गाठोड्यावर एकटी बसलेली.

मी खाली आलो. तिनं विचारलं, "गेली का?"

"गेली."

"मी बघितलं तुमास्नी. वर चढत हुता."

"मग हाक मारायची की!"

"मारली. धा जणांनी मागं बघितलं. तुमीच न्हाय बघितलं."

रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "जावयाचा चुलता दिसला मला. डब्यात चढला. त्येनं बी हात हलवला. त्येला वाटलं असंल आमी बी चढलो."

म्हणजे तो जाऊन पोरीला सांगणार, की आई येतीय, गाडीत आहे.

मी म्हटलं, "घरला जाऊ. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

ती म्हणाली, "परत तो जिना? नगं. सांजची गाडी हाय न्हवं? मी हितंच बसते. पोरगी वाट बगत आसंल."

मी तिला कौलांच्या सावलीत भिंतीला टेकून बसवलं. समोर रूळ, रुळापलीकडं कुंपण, आणि कुंपणापलीकडं आमचं घर. अंगणातला ताणासुद्धा दिसत होता. तिथनं ती आपल्या घराकडं परक्यासारखी बघत होती.

"अवो, ताणा वाळला की. दोर ढिला करायला पायजे हुता. तटतटून तुटंल."

"तुटू दे."

"तुटू दे कसं? म्हयन्याचं काम हाय."

हे आमचं शेवटचं बोलणं. याहून मोठं काही बोलली असती तर मी इथं लिहिलं असतं. पण नाही बोलली. मग नुसता घशाला हात लावून तिनं पाणी मागितलं. गाठोड्यातली पितळी मी घेतली आणि नळावर गेलो. नळ फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि नळावरही रांग. सांजच्या गाडीची माणसं यायला लागली होती. एक बाई लेकराची लंगोटी धुवत होती, तिला बाजूला हो म्हणालो म्हणून ती माझ्याशी भांडली. मीही भांडलो. भांडायला वेळ होता मला.

आलो तर ती भिंतीला डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. मी तिच्याशेजारी बसलो, पितळी हातात धरून. पाणी सांडू नये म्हणून हलत नव्हतो. बराच वेळ गेला. एक हमाल समोरून दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा थांबला. म्हणाला, "आजोबा, आज्जीला बगा."

मी बघितलं. छातीतला भाता बंद होता. वर्षभर तो आवाज ऐकून मला झोप येत नव्हती, आणि तो थांबलेला मला शेजारी बसून कळला नाही. कानानं चालणारा म्हणे मेंढक्या.

मग मास्तर आला, शिपाई आला. माणसं गोळा झाली. मघाशी जिथं बसायला जागा नव्हती तिथं आता चौफेर दहा हात जागा मोकळी झाली. मास्तर म्हणाला, गाडी यायचा वेळ झालाय, हे इथनं हलवा. हमाल म्हणाला, जिन्यावरनं मढं कसं न्यायचं, माणूस मावत नाही तिथं. मास्तरानं इकडंतिकडं बघितलं आणि फाटकाकडं हात केला. "तिकडनं न्या. उघडायला सांगा."

फाटक उघडलं. दोन्ही पाखं. एरवी गाडीसाठीसुद्धा एकच उघडत होते. फाटकवाल्यानं टोपी काढून काखेत धरली होती. माझ्याकडं बघितलं नाही. मी आणि तीन हमाल, तिला खाटेवर घालून, रूळ ओलांडून आलो. मी पावलं मोजली. चाळीसच होती.

अंधार पडायच्या आत माती झाली. वस्तीनं सगळं केलं, मला काही करावं लागलं नाही. लाकडं, गोवऱ्या, मडकं, सगळं कुठनं आलं मला ठाऊक नाही. परत आल्यावर आमच्यातला एक वडीलधारा माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आता तीन दिस दार सोडायचं न्हाय. आन पोरीला तार करू नगं. ती मोकळी होऊ दे, मग सांगू. अशा वक्ताला आईचं कळलं तर ती बी जायची."

मी म्हटलं, "ती वाट बगतीया. तिला सांगून आलाय तो, की आई गाडीत हाय. दुपारपासनं वाट बगत आसंल. आई आल्याबिगर खाटंवर चढत न्हाय म्हनलीया."

"मग काय करणार? सुतकात बाळंतिणीच्या घरी जाणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे."

तो उठून गेला. लोकांची चूक नव्हती. रीत तशीच आहे. मढ्याचं सुतक घेऊन अडलेल्या बाईच्या दारात जायचं नसतं, हे मलाही माहीत होतं. त्या पोरीची दोन मुलं गेली होती. तिसऱ्याला काही झालं असतं तर सगळ्या गावानं माझ्यावर घातलं असतं, आणि मीही स्वतःवर घातलं असतं. पण आई येते सांगून दारात कुणीच जायचं नाही, हेही मला करवेना. एकदा एका बाईनं हाक मारली होती आणि मी वर चालत राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला मी डोक्यावरनं पाणी घेतलं, धुतलेलं धोतर नेसलो आणि निघालो. वळसा घालून जिन्यावर गेलो. जिन्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वीस आणि आठ पायऱ्या मी एका दमात चढलो. खिडकीवर मी एकटाच. कालची तिकिटं दाखवली, तर ही चालत नाहीत म्हणाला. दुसरं काढलं. डब्यात मी आणि एक जंगम, त्याची घंटा मांडीवर. कुठं चाललात, त्यानं विचारलं. पोरीकडं, म्हटलं. बरं आहे, म्हणाला.

उतरून कोसभर चाललो. पोरीच्या घराचं दार ओढून घेतलेलं होतं आणि आत बायकांचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेलो नाही. अंगणाच्या कडेला, शेळ्यांच्या दाव्यापाशी जमिनीवर बसलो. कशाला हात लावला नाही. पोरीची सासू बाहेर आली. त्या घरात कानडी बोलतात. तिनं माझ्यामागं रस्त्याकडं बघितलं आणि विचारलं, "अव्वा बरलिल्ला?"

आई आली नाही का? एवढं कानडी मला येतं.

ती मला पाणी द्यायला वाकली तर मी हातानंच नको म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली. बाईमाणूस, तिला काय कळलं आणि काय नाही ते मला सांगता येत नाही. तेवढ्यात आतनं पोरीचा आवाज आला. कळांमध्ये होती, आवाज घासून निघाला होता.

"आप्पा? आई कुटं हाय?"

चाळीस वर्षांत मी बायकोशी खोटं बोललो नव्हतो, आणि पोरीशीही नाही. तोंडानं फटकळ, पण खोटा नाही, असं वस्तीत माझं नाव. सासू तशीच उभी होती, भांडं हातात.

मी मोठ्यानं म्हटलं, "येतीया. मागच्या गाडीनं येतीया. टेसनावर लई गर्दी हाय."

मग पोर म्हणाली, "तिला दम लागतुया. बसायला जागा मिळाली का?"

"मिळाली," मी म्हटलं. "तू चढ खाटंवर."